वाळवणाचा दुसरा दिवस आणि महेश्वर

मार्चअखेर इंदूरच्या मराठी घरात दोन गोष्टी एकदमच अंगावर येतात. एक म्हणजे वर्षाचं वाळवण नि गहू, आणि दुसरी म्हणजे "ऊन तापायच्या आत कुठेतरी जाऊन येऊ" ही टूम. दोन्हीला तोच एक कोरडा निरभ्र रविवार लागतो, म्हणून दरवर्षी भांडण ठरलेलं, आणि बहुतेक वेळा ट्रिपच मरते. यंदा मेली नाही. का नाही मेली ते नीट लिहून ठेवतेय, कारण नशिबाने जमलं असं नाहीये, त्यात एक हिशेब होता आणि तो दुसऱ्या कुठल्याही घरी लागू पडेल असं मला वाटतं.

आधी परिस्थिती. पुण्याहून दीर-जाऊ दोन्ही पोरांसकट रंगपंचमीला आलेले, राजवाड्यावरची गेर (रंगाची मिरवणूक) बघायला. गेर झाली, गच्चीवर घरच्यांची पण झाली, म्हणजे गच्ची हिरवी-गुलाबी. परतीची बस रविवारी रात्री आठची, तिकिटं काढलेली. भाऊजींची एकच मागणी, पोरांना महेश्वर दाखवायचं. इकडे आईंनी (सासूबाई) चोइथराम मंडीतून दहा किलो नवे बटाटे आणून ठेवलेले, आणि देपालपूरकडचा आमचा नेहमीचा शेतकरी फोनवर म्हणतोय, "शनिवार शाम को गाड़ी भेज रहा हूँ भाभीजी, चार क्विंटल." म्हणजे चिप्स, गहू, पाहुणे आणि महेश्वर, सगळं एका वीकेंडला. माझी शाळा शनिवारी बंद असते, ह्यांना शनिवारीही ऑफिस.

पहिली चर्चा नेहमीसारखीच झाली, म्हणजे कोण काय करणार यावर. मी सोलते, तू कीस, तो उचलून ठेवेल वगैरे. अशा वाटणीने काही सुटत नाही, कारण वाळवणात माणसाच्या हाताचं काम तसं थोडंच असतं, बाकी सगळं थांबणं. आणि थांबणंही दोन प्रकारचं, एक ज्यात तुम्हाला तिथेच उभं राहावं लागतं आणि दुसरं ज्यात तुम्ही घरी असलात काय नि नसलात काय सारखंच. हे माझ्या डोक्यात आईंच्या एका वाक्याने शिरलं. जाऊबाई म्हणाल्या, रविवारी सकाळी चिप्स टाकून निघू, तर आई म्हणाल्या, "टाकून कुठे निघता, पहिल्या दिवशी चिप्स पोरासारखे असतात, सारखं बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी काय, पसरले की झालं."

पसरले की झालं! मग तो दुसरा दिवसच रविवारी का नको?

हे कळायला चिप्स कसे वाळतात ते माहीत पाहिजे, आणि पुण्याच्या जाऊबाईंना ते माहीत नव्हतं (पॅकेट आणतात, दोष नाही). काप उकळून काढलेले असतात, ओले, चिकट. धोतरावर एकेक सुटा मांडायचा, एकावर एक चढला तर मध्ये पांढरा ओला डाग राहतो आणि तिथेच नंतर बुरशी. साडेबारा-एकच्या सुमारास वरची बाजू सुकते, कडा वळायला लागतात, पण खालची बाजू कापडाला धरलेली असते. तेव्हाच, त्याच तासाभरात, सोडवून उलटायचे. संध्याकाळपर्यंत राहू दिले तर कापड सोडत नाहीत, ओढले की फाटतात. म्हणून पहिल्या दिवशी भरदुपारी दोन माणसं गच्चीवर हवीतच. संध्याकाळी ते चामड्यासारखे होतात, वाकतात पण चिकटत नाहीत. दुसऱ्या दिवशी परातीतून चादरीवर ओतायचे, हाताने पसरायचे, बस. कोणीही करेल. बाबासुद्धा (सासरे).

बाकी पर्यायांवर वेळ घालवत नाही. पातालपाणीला मार्चमध्ये धबधबा म्हणून बघायला काळा खडक असतो. मांडू शंभरेक किलोमीटर, पावसाळ्यात स्वर्ग, आत्ता पिवळं. जानापाव जवळ आहे, पण चंबळ जिथे उगम पावते तिथलं कुंड बघून पोरं "एवढंच?" म्हणणार हे भाऊजींनीच सांगितलं. महेश्वर नव्वदेक किलोमीटर, नदी आहे, होडी आहे, सावलीला किल्ला आहे. फक्त एक अडचण, महेश्वर निमाडात. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि विंध्याचा घाट उतरलं की नर्मदाकाठ जवळपास चारशे मीटर खाली, त्यामुळे तिथे इथल्यापेक्षा दोन-तीन अंश जास्तच तापतं. साडेअकरानंतर घाटाच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणजे "चिप्स टाकून नऊला निघू" या प्लॅनमध्ये आम्ही नेमके सगळ्यात वाईट वेळी तिथे पोचलो असतो, इकडे पहिल्या दिवसाची उलटापालट करायला कोणी नाही, तिकडे पोरं उन्हात रडतायत. दोन्हीकडून गेलो असतो.

तर ठरलं असं की सगळं एक दिवस अलीकडे ओढायचं. गुरुवारी गच्ची घासली. हे काम छोटं वाटतं पण अजिबात नाही, रंगपंचमीचा पक्का रंग सिमेंटच्या खाचांत बसतो आणि ओलं कापड खाली टाकलं की वर येतो, मागे एका वर्षी शेजारच्या काकूंचे साबुदाण्याचे पापड गुलाबी झाले होते, तेही उपवासाचे. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर सगळे खाली बसून सोलायला. भाऊजी आणि हे सोलणार, मी आणि जाऊबाई किसणीवर, पोरं पाणी बदलणार. काप पडला की लगेच पाण्यात, नाहीतर काळा पडतो. मग पाणी ढवळून ओतायचं, परत भरायचं, नितळ दिसेपर्यंत. हे पाणी बदलणं लोक कंटाळून अर्धवट सोडतात, पण तेच महत्त्वाचं, कारण त्यात पिठूळपणा जातो (मग चिप्स कापडाला कमी धरतात) आणि साखरही थोडी निघते. शेवटच्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवला, जास्त नाही, नाहीतर जीभ आखडते. पहिल्या पाण्याच्या तळाशी जे पांढरं सत्त्व बसतं ते आई टाकू देत नाहीत, वाळवून डब्यात ठेवतात, कटलेटला लागतं.

बटाट्याबद्दल एक मुद्दा इथेच, कारण यावर सगळ्या वर्षाचे चिप्स अवलंबून असतात. आई कोल्ड स्टोरेजचा बटाटा घेतच नाहीत, नवा शेतातलाच हवा. हट्ट वाटायचा, पण त्याला कारण आहे, बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती साखर तळताना तपकिरी-लाल होते, चव कडवट. दुकानदार सगळ्यालाच "नया माल" म्हणतो. आई मंडीतून आधी पाव किलो आणतात, घरी एक काप तळून बघतात, पांढरा राहिला तर मग दहा किलो. घाईत हे टाळलं असतं तर बाकी नियोजन कितीही भारी असलं तरी लाल चिप्सच मिळाले असते.

शनिवारी सकाळी सहाला मोठं पातेलं चढवलं, सैंधव घालून (उपवासाला चालायला हवेत). तीन-चार मिनिटं, काप वाकला पण तुटला नाही की काढायचा. साडेआठला शेवटचा काप धोतरावर. सालं ओल्या कचऱ्याच्या डब्यात, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजतच होती, ती वेळ साधली हे बरं झालं, नाहीतर दहा किलोची सालं घरात दुसऱ्या दिवसापर्यंत वास मारतात आणि इंदुरात ती बाहेर कोपऱ्यात टाकायची सोय नाही, सगळी गल्ली बघते. दुपारी एकला मी, जाऊबाई आणि माझी मुलगी गच्चीवर, डोक्याला ओढण्या बांधून, एकेक चिप नखाने सोडवत. पाऊण तास. पाठ गेली. पण झालं.

खरी धाकधूक गव्हाची होती. गाडी संध्याकाळी साडेपाचला आली, नेमकी चिप्स गोळा करायच्या वेळी, त्यामुळे हम्माल जिन्यात कट्टा (पोतं) घेऊन उभा आणि मी परात घेऊन वरून खाली येतेय असा सीन. गहू नुसता उतरवून घ्यायचा असता तर प्रश्नच नव्हता, कट्टे आठवडाभर तसेच राहू शकतात. पण कोरडे असतील तरच. गव्हात ओल बारा टक्क्यांच्या वर असली तर बंद कट्ट्यात तो आतून गरम व्हायला लागतो, वास धरतो, आणि सोंड्यांना तर आमंत्रणच. ओला निघाला असता तर रविवारी सकाळी चार क्विंटल गच्चीवर, आणि महेश्वर रद्द. आईंनी प्रत्येक कट्ट्याच्या शिवणीतून दोन-दोन दाणे काढले आणि दाताखाली धरले. कट्ट असा आवाज झाला की वाळलेला, नुसता दबला की ओला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे, भाऊजी म्हणाले बोर्डाचा रिझल्ट लागताना इतकं टेन्शन नव्हतं. शेवटच्या कट्ट्यालाही कट्ट. मग पॅसेजमध्ये फळ्या टाकून त्यावर कट्टे रचले, भिंतीपासून वीतभर लांब, कारण भिंतीची ओल कट्टा ओढून घेतो. चाळणं, ऊन दाखवणं, कोठीत भरणं, सगळं पुढच्या आठवड्यावर.

(कोठीवरून आठवलं. अजूनही काही घरांत कोठीत सल्फासच्या गोळ्या टाकतात. त्यातून विषारी वायू सुटतो, राहत्या घरात माणसं मरतात त्याने. कडक वाळलेला गहू, घट्ट झाकण आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, आमचं एवढ्यावर भागतं. पाला मात्र पूर्ण वाळलेला हवा, ओला टाकला तर आपणच ओल घातल्यासारखं.)

आता घरी कोण थांबणार. आई लगेच म्हणाल्या, मी थांबते, माझं पाहिलेलं आहे. हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात कोणीतरी म्हणतंच, आणि बाकीचे "बरं बरं" म्हणून गाडीत बसतात. माझं मत स्पष्ट आहे, चिप्स, गहू सगळं जिने ओढलं तिलाच राखणीला बसवून केलेली ट्रिप ही जमवाजमव नाही, ती फक्त तिच्या अंगावर ढकलणं आहे. दुसऱ्या दिवसाचं काम इतकं सोपं आहे हा तर सगळा मुद्दा होता, मग ते ज्याला येत नाही त्यानेच करावं ना. बाबा स्वतःहून म्हणाले हे मात्र कबूल, त्यांना दुपारी मॅच बघायची होती आणि घाटाच्या पायऱ्या गुडघ्यांना नको होत्या. आईंनी कागदावर लिहून फ्रीजला लावलं: नऊला पसरणे. चादरीच्या चारी कोपऱ्यांवर विटा. माकडं आली तर काठी, दगड मारायचा नाही. पाचला उचलणे. खाली अधोरेखित करून: वारा सुटला तर आधी चादर दुमडणे.

रविवारी साडेपाचला दोन गाड्या निघाल्या. राऊ, मानपूर, मग गणपती घाटाचा उतार, तिथे ट्रकांपासून अंतर ठेवूनच चालायचं, ब्रेक फेल होऊन अपघात व्हायचे म्हणून तो घाट पूर्वीपासून बदनाम. धामनोदहून डावीकडे वळलो आणि आठच्या आत महेश्वर. डब्यात दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी, जी कापं मोडली, जी टोकं किसणीवर राहिली त्यांचीच. घाटावर बसून तीच न्याहारी. नदीवर त्या वेळी अजून गारवा होता, नाव करून नदीमधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आलो. पोरांनी शनिवारवाड्याच्या हिशेबाने राजवाडा डोक्यात धरलेला, म्हणून लाकडी खांबांचा तो साधा वाडा बघून धाकटा म्हणाला, "राणी इथे राहायची?" इथेच. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ होळकरांचा कारभार पाहिला तो इथूनच, इंदूर तर १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी झालं. आई अहिल्याबाईंच्या गादीसमोर बराच वेळ उभ्या होत्या, त्यांना "पाहिलेलं आहे" असं अजिबात वाटत नव्हतं.

वेळ जिथे सटकायला लागला ती जागा म्हणजे साडीचं दुकान. जाऊबाईंना महेश्वरी हवी, रेशमी ताणा सुती बाणा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा काठ. दहा मिनिटं म्हणून शिरल्या, मग रंग, मग भाव, मग दुसरं दुकान. आम्ही निघायचं अकराचं ठरवलेलं, निघालो पावणेबाराला. फार बिघडलं नाही, पण गाडीपर्यंत जाताना पोरं एका पायावर उड्या मारत होती, फरशी तापलेली.

तेवढ्यात बाबांचा फोन. गच्चीवर वावटळ आली होती. त्यांनी विटा ठेवल्या होत्या पण तीनच, चौथी सापडली नाही म्हणून स्लीपर ठेवली. ती कड उचलली गेली आणि चादरीचा एक भाग उलटला, काही चिप्स पाण्याच्या टाकीमागे, काही शेजारच्या काकूंच्या गच्चीवर. काकूंनी त्यांच्याकडचे गोळा करून दिले. बाबांनी सगळे परातीत भरले, घरात आणले, पंख्याखाली ठेवले, आणि मॅच लावली. परत पसरायचं राहिलं. कागदावर ते लिहिलेलं नव्हतं, हा त्यांचा बचाव, आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे.

आम्ही अडीचला पोचलो. आईंनी एक चिप उचलून वाकवला, वाकला. मोडायला हवा होता. लगेच चादर परत वर गेली, पण दुपारचं सगळ्यात कडक ऊन हातचं गेलेलं, त्यामुळे सोमवारी सकाळी आणखी एकदा टाकावे लागले. धूळ लागलेले वेगळे काढून चाळणीत घोळवले, टाकीमागचे ओल्या फडक्याने पुसून वेगळे वाळवले, ते घरच्यासाठी, उपवासाचे बाकीचे. साडेसहाला सूर्य मावळायच्या आत सगळं आत, सातला भाऊजींचं सामान रिक्षात.

पदरात काय पडलं: दहा किलो बटाट्यांचे दीड किलोच्या जरा वर चिप्स. कमी वाटतात पण तेवढेच होतात, बटाट्यात पाचातले चार हिस्से पाणीच असतं. रंग पांढरा. नुकसान मूठभर, जे खरोखर रस्त्यावर उडाले तेवढं. गहू जसाच्या तसा. किंमत म्हणाल तर सोमवारची सकाळ आणि शुक्रवारच्या रात्रीची झोप, आणि हे विसरू नका की शुक्रवारी आम्ही मोठी माणसं चार होतो. पाहुणे नसते तर ट्रिपची घाई नसती हे खरं, पण पाहुणे नसते तर सोलायला हातही नसते. एकट्या बाईच्या घरात हाच प्लॅन चालवायचा तर दहा किलोचे पाच करावे लागतील, त्याला पर्याय नाही.

सगळ्या वाळवणाला हे लागू नाही. उडदाचे पापड या हिशेबात बसत नाहीत, पीठ भिजवलं की तिथेच लाटत बसायचं, आणि लाटणारे हात कमी पडले की पीठ आंबतं, त्या दिवशी कोणीही कुठेही जात नाही. सांडगे मधले, पहिल्या दिवशी घालायला वेळ लागतो पण कापडाला इतका जीव लावत नाहीत. कुरडया मात्र चिप्सच्या बरोबर उलट्या. तिथे आधी तीन दिवस गहू भिजत पडलेला असतो, रोज फक्त पाणी बदलायचं, आणि सगळी धावपळ नंतर, वाटणं, गाळणं, रात्रभर चीक बसू देणं, पहाटे शिजवणं. म्हणजे चिप्सला ट्रिप कामाच्या नंतर बसते तर कुरड्यांना कामाच्या आधी. हे मी आईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भिजत घालते, जानापावला तरी जाऊन येऊ, पहाटे निघून, घरी आल्यावर पाणी बदलू. बाबा म्हणतायत या वेळी मी येणार, काकूंना सांगा बघायला. काकूंना विचारलंय, त्या म्हणाल्या त्यांच्याकडेही त्याच आठवड्यात गहू भिजणार आहेत, म्हणजे आमचं पाणी त्या बदलतील, आणि त्या उज्जैनला जातील तेव्हा त्यांचं आम्ही.